संध्याकाळी बसायचं तर घराच्या कोणत्या बाजूला?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. परभणीत तुमचं घर पूर्वेकडं तोंड करून आहे. समोर रस्ता, दारापुढं आठ फूट रुंदीची पट्टी आणि त्यात उभ्या दोन दुचाकी. दक्षिणेला चार फुटांची बोळ, आणि मागं पश्चिमेला २० बाय ३० फुटांची मोकळी जागा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही मागं पेव्हर ब्लॉक बसवले, निम्म्या जागेवर पत्र्याची शेड टाकली, उरलेल्यात लॉन लावलं, वेताच्या खुर्च्या आणल्या. आता तिथं कुणी बसत नाही. संध्याकाळी सात वाजतासुद्धा भट्टीसारखं वाटतं, एप्रिलमध्ये बोअर आटला की लॉन वाळतं, आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा घरातच कूलरसमोर बसून राहतात. हाताशी दीड लाख आहेत. पेव्हर काढून टाइल्स लावू का, पत्र्याखाली पीओपीचं छत करू की तयार गझेबो, म्हणजे चार खांबांवरचा छतवाला मांडव, आणू, आणि आईला हवा असलेला झोका कुठं टांगू, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं घरांच्या बाहेरच्या जागांची कामं करतेय, बहुतेक सगळी मराठवाड्यातली. पहिल्या दोन गोष्टींवर एक रुपयाही घालू नका, हे आधीच सांगते. तुमच्या फरशीत किंवा छतात मोठी खोट नाही. संध्याकाळी बसण्यासाठी तुम्ही घराची चुकीची बाजू निवडली आहे, आणि ही चूक पैसे ओतून दुरुस्त होत नाही. बाजू बदलली तर जवळपास फुकटात दुरुस्त होते.

मी एखाद्या घरी जागा बघायला जाते तेव्हा शक्यतो उन्हाळ्यात आणि संध्याकाळी सातलाच जाते. सकाळी दहाला सगळ्याच जागा छान वाटतात. काही वर्षांपूर्वी नांदेडला असंच एक घर बघायला गेले होते. मालक मला थेट मागं घेऊन गेले, कारण सगळा खर्च मागं झाला होता. मी खाली बसून पेव्हरवर तळहात ठेवला. सूर्य मावळून गेला होता, तरी दहा आकडे मोजेपर्यंत हात ठेवणं जड गेलं. मग घराच्या मागच्या भिंतीला हात लावला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी ऊब होती. तिथून बोळीतून पुढं आलो आणि पूर्वेच्या भिंतीवर हात ठेवला, तर ती अगदी निवलेली. आणि त्या भिंतीला टेकून, दाराच्या पायरीवर, त्यांची आई सुपात लसूण सोलत बसली होती. मी विचारलं, "आजी, रोज इथंच बसता का?" त्या म्हणाल्या, "मग कुठं? मागं कोण बसंल, आग ओकतंय ते." त्या घरातला सगळ्यात चांगला आराखडा त्या आजींकडं होता.

असं का होतं ते नीट सांगते, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. परभणी साधारण सव्वाएकोणीस अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटी भरदुपारी सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे उन्हाळ्यात दुपारचं ऊन मुख्यतः छपरावर आणि जमिनीवर पडतं, भिंतींना फार लागत नाही. पण तीन वाजल्यापासून ते तिरपं होत पश्चिमेच्या भिंतीवर सरळ आदळायला लागतं. त्यातून मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, चांगला वायव्येकडं सरकून मावळतो. त्यामुळं तुमच्या मागच्या जागेवर दुपारी वरून आणि नंतर समोरून, असं सहा-सात तास ऊन पडतं. पेव्हर, विटेची भिंत, काँक्रीट हे सगळं ऊन पोटात साठवतात आणि सूर्य गेल्यावर सावकाश बाहेर सोडतात. तुम्ही खुर्ची टाकता तेव्हाच नेमकं ते सोडणं चालू असतं. हवा तोवर जरा उतरलेली असते, पण खालून, पाठीमागून आणि डोक्यावरून अंगाला झळ लागत राहते. पंखा लावूनही बरं वाटत नाही ते यामुळंच. पंखा हवा हलवतो, भिंतीतून येणारी झळ त्याला अडवता येत नाही.

पूर्वेकडं याच्या उलट. तिथलं ऊन दुपारी बारा-साडेबाराला संपतं. नंतर घराचीच सावली पुढं पसरत जाते आणि संध्याकाळपर्यंत भिंत, फरशी, पायऱ्या सगळं सहा-सात तास निवत राहतं. तुमच्या घरानं संध्याकाळची सावली आधीच तयार करून ठेवलेली आहे, फक्त तिथं दुचाक्या उभ्या आहेत.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की गाड्या मागं न्या आणि माणसं पुढं आणा. चार फुटांच्या बोळीतून दुचाकी निघते, वळणावर कुंड्या-बादल्या ठेवल्या नाहीत म्हणजे झालं. पत्र्याच्या शेडखाली गाड्या लावा, कपडे वाळत घाला, सायकली ठेवा. त्या कामाला ती शेड उत्तम आहे. शिवाय ती मागच्या भिंतीचं थोडं ऊनही अडवते, म्हणून काढू नका.

आता यावर तुम्ही म्हणाल की पुढं रस्ता, येणारे-जाणारे बघणार, तिथं कसला निवांतपणा. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात विचारतात. आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांत ढाळज कुठं असायची ते आठवा. मोठ्या दरवाज्यातून आत आलं की दोन्ही हातांना उंच ओटे, वर भक्कम छत, आत चौक. रस्त्यापासून चार पावलांवर, तरी रस्त्यावर नाही. वाड्यातली म्हातारी माणसं दिवसभर तिथंच असायची. तिथल्या दगडाला कधी ऊन लागत नसे, आणि बाहेरचा दरवाजा व चौक या दोन तोंडांमधून वारा वाहता राहायचा. दुसरं कारणही तितकंच मोठं होतं. आलं-गेलं दिसायचं, "काय मामा, कुठं निघालात?" म्हणता यायचं. सत्तरीच्या माणसाला मागच्या कंपाउंडच्या भिंतीकडं बघत बसण्यात निवांतपणा वाटत नाही, आणि आई-बाबा मागं न बसण्याचं अर्धं कारण ऊन असेल तर अर्धं हे असेल. त्यांना एकदा विचारून बघा.

आता प्रत्येकाच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण हे वाचून कुणी पश्चिममुखी घरवाला डोळे झाकून पुढं ओटा बांधेल. घर पश्चिमेकडं तोंड करून असेल तर संध्याकाळची बैठक मागं, परसात. दक्षिण-उत्तर घर असेल तर उत्तर अंगाची बाजू बघायची, पण मे-जूनमध्ये तिथं संध्याकाळी वायव्येचं तिरपं ऊन शिरतं, त्यामुळं पश्चिम टोकाला आडोसा लागतो. शेजारी दुमजली घर असेल तर त्याची सावली मोजावी लागते. समोरचा रस्ता हायवेसारखा वाहता असेल तर ढाळजेचा सगळा युक्तिवाद गळून पडतो. तुम्ही "कॉलनीतला आतला रस्ता" असं लिहिलंय म्हणून मी इतकं ठाम बोलतेय. तरीही माझ्यावर विश्वास ठेवून गवंड्याला बोलावू नका. आधी आठवडाभर एक साधी प्लास्टिकची खुर्ची घ्या. रोज सकाळी सात, दुपारी चार आणि संध्याकाळी सात वाजता घराभोवती फिरून ती जिथं बरं वाटेल तिथं टाका, दहा मिनिटं बसा आणि जागा वहीत लिहून ठेवा. सावलीची कड खडूनं जमिनीवर आखा. आठ दिवसांत तुमच्या घराचा नकाशा तुमच्या हातात येईल.

तुम्हाला असंही दिसेल की बसायची जागा एक नसतेच. उन्हाळ्यात सकाळचा चहा मागं, कारण तेव्हा घराची सावली मागं असते आणि रात्रीतून पेव्हर निवलेले असतात. संध्याकाळचा चहा पुढं. थंडीत उलटं होतं. डिसेंबरात सकाळी पुढचं कोवळं ऊन हवंसं वाटतं, आणि दुपारी तीननंतर मागं, जिथं भिंतीची ऊब पाठीला लागते. तुमची मागची जागा वाया गेली असं समजू नका, तिची वेळ वेगळी आहे. आपल्याकडची माणसं बाज उचलून सावलीमागं सरकत आली. म्हणून जड फर्निचर घेऊ नका. वेताच्या खुर्च्या आहेत त्या पुरेत, त्यात नवारीची किंवा सुंभाची एक हलकी बाज घ्या. एका माणसाला उचलता आली पाहिजे एवढीच अट.

आता पुढच्या आठ फुटांत काय करायचं. भिंतीला लागून, खिडकीखाली, सहा-सात फूट लांबीचा ओटा बांधा. उंची १८ इंच. १५-१६ इंचांचा ओटा तरुण माणसाला ठीक वाटतो, पण गुडघे धरलेल्या माणसाला त्यावरून उठताना हाताचा आधार शोधावा लागतो. खोली २२ ते २४ इंच, म्हणजे मांडी घालूनही बसता येतं. आईच्या बाजूच्या टोकाला हात टेकायला नऊ इंच उंचीची छोटी भिंत उचला, चहाचा कप ठेवायलाही ती कामी येते. वर शहाबादी, कडा गोल घासून घेतलेली. चकचकीत ग्रॅनाइट नको, पहिल्या पावसात त्यावरून पाय सटकतो. खालची तुमची जुनी शहाबादी फरशी तशीच राहू द्या, फक्त तिचा उतार तपासा. दहा फुटांना सव्वा ते दीड इंच उतार घरापासून लांब जाणारा हवा. एक बादली ओतून पाणी कुठं थांबतं ते बघितलं की कळतं.

रस्त्याकडची भिंत तुमची चार फूट आहे. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार ते चार फुटांवर येतात. म्हणजे तीवर सहा-आठ इंच विटांची जाळी केली तरी बसल्यावर आडोसा मिळतो आणि उभं राहिलं की शेजाऱ्यांशी बोलता येतं. सहा-सात फुटांची भिंत किंवा फायबरचे पत्रे लावू नका, सगळा वारा अडेल.

आणि डोक्यावर काहीही घालू नका. इथं बहुतेक लोक अडखळतात, कारण "सिटआउट" म्हटलं की वर काहीतरी हवंच अशी समजूत झाली आहे. संध्याकाळनंतर अडवायला ऊनच नसतं. उलट एप्रिल-मेमधल्या कोरड्या, निरभ्र रात्री जमीन आणि भिंती आपली उष्णता आकाशाकडं टाकून देतात. वर छत घातलं की ती वाट बंद. आपण लहानपणी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, नाहीतर अंगणात का झोपायचो, आणि पहाटे पांघरूण का लागायचं, ते यासाठी. पावसाळ्यासाठी दारावरचा छज्जा आहे तेवढा पुरे.

या जागेचा एक खरा तोटा आहे. उन्हाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो, आणि तुमची पुढची बाजू घराच्या आडोशाला येते. यावर उपाय ढाळजेतलाच. साडेसातनंतर बाहेरची हवा उतरली की मागचं आणि पुढचं दार दोन्ही उघडी ठेवा, मागच्या दाराला जाळीचं दार बसवा. वारा घरातून आरपार पुढं येतो, त्यामुळं ओटा पुढच्या दाराच्या शक्य तितका जवळ घ्या. एवढं करूनही काही संध्याकाळी पान हलत नाही. त्या दिवशी उभा पंखा बाहेर आणायचा. त्यासाठी बाहेरच्या वापराचा झाकणाचा प्लग पॉइंट करून घ्या, अर्थिंग तपासा आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. ओल्या फरशीवर अनवाणी माणसं फिरणार आहेत, इथं काटकसर नको.

ओल्या फरशीवरून सडा आठवला. साडेपाच-सहाला फरशीवर दोन बादल्या पाणी मारलं तर उन्हाळ्यात खूप फरक पडतो, कारण आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्यानं उडताना फरशीची उष्णता घेऊन जातं. मुंबई-कोकणात हा उपाय चालत नाही. आपल्याकडंही सप्टेंबरच्या दमट उकाड्यात उपयोग नाही, तेव्हा फक्त पंखा. सड्याला पिण्याचं पाणी वापरू नका, आरओ मशिनचं टाकून दिलेलं पाणी साठवा. ते क्षारयुक्त असतं म्हणून कुंड्यांना रोज घालणं बरं नाही, फरशीला चालतं.

डासांचं एक. तयार कारंजी, दगडी कुंडात कमळ असलं काही सुचवणारे भेटतील. वाहतं नसलेलं पाणी बसायच्या जागेजवळ ठेवू नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि चावतो दिवसा, विशेषतः सकाळी लवकर आणि मावळतीच्या आधी, म्हणजे तुमच्या चहाच्या दोन्ही वेळांना. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करायच्या. पंख्याचा इथंही फायदा, वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

दिवा पिवळसर, मंद आणि बैठकीपासून लांब, फाटकाजवळ. डोक्यावर पांढरा फोकस लावलात तर पहिल्या पावसानंतरच्या पंखवाल्या उधईनं चहाचा कप भरेल. ओट्याखाली एक छोटी पट्टी लावा, म्हाताऱ्या माणसांना पायरी दिसायला तेवढी बास.

आता मागची बाजू. पेव्हर सगळे काढू नका, पण लॉन काढाच. उन्हाळ्यात लॉनला एका चौरस मीटरला रोज पाच लिटर तरी पाणी लागतं. तुमचं लॉन ३०० चौरस फूट म्हणजे २८ चौरस मीटर धरलं तर रोजचं १४० लिटर. बोअर आटलेल्या घरानं गवताला १४० लिटर घालणं मला बघवत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मी तिथंच काम करत होते. त्या उन्हाळ्यात माझ्याच हातानं केलेली तीन लॉनं वाळून गेली. नंतर मी लॉनचं काम घेणं बंद केलं. त्याच पाण्याच्या चौथ्या हिश्श्यात दोन झाडं उभी राहतात, आणि झाड सावली देतं.

लॉनच्या जागी वायव्य कोपऱ्यात, घरापासून १५ फूट तरी लांब, एक कडुनिंब लावा. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो आणि ऊन कडक व्हायच्या सुमारास नव्या पालवीनं भरतो, आपल्या उन्हाळ्याशी त्याचं वेळापत्रक जुळतं. दुसरा, दक्षिणेच्या अंगाला पांढरा चाफा. थंडीत तो निष्पर्ण होतो, म्हणजे डिसेंबरच्या दुपारी तुम्हाला हवं ते ऊन खाली येऊ देतो. फांदी लावली तरी जगतो, पाणी कमी लागतं. बूच आणि गुलमोहर घराजवळ नकोत, वळवाच्या वादळात त्यांच्या फांद्या मोडतात. सरळसोट वाढणारा खोटा अशोक सगळे रांगेत लावतात, पण त्याची सावली बसायच्या कामाची नसते. लागवड मृगाचा पाऊस नीट झाल्यावर करा. पाण्यासाठी न्हाणीघराचं सांडपाणी वळवा, वाटेत खडी-वाळूचा छोटा खड्डा आणि त्यावर कर्दळीची रांग. पाच माणसांच्या घरातून रोज शंभर लिटर तरी निघतं, दोन झाडांना ते पुरून उरतं.

झाडं मोठी व्हायला चार-पाच वर्षं लागतील. तोवर मागच्या भिंतीचं ऊन अडवायला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, कूड करा. बांबूची चौकट भिंतीपासून फूटभर सुटी ठेवून उभी करायची आणि त्यावर तुराट्या बांधायच्या. मधल्या फटीतून हवा वर जात राहते आणि भिंत फारशी तापत नाही. आजूबाजूच्या कोणत्याही गावात मार्चमध्ये तुराट्या मिळतात. दर दोन वर्षांनी बदलायच्या, आणि उरलेल्यांचा ढीग तिथंच ठेवायचा नाही, त्यात विंचू घर करतात. पत्र्याला वरून उष्णता परतवणारा पांढरा रंग मारून घ्या. मे महिन्यात उघडा पत्रा साठ अंशांच्या पुढं तापतो आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर ती झळ टाकतो. रंगानं चांगला फरक पडतो. पीओपीचं छत मात्र उघड्या शेडखाली दोन पावसाळे टिकत नाही, आणि कापडी गझेबो पहिल्या वळवात शेजारच्या अंगणात सापडतो.

एक धोका मुद्दाम सांगते, कारण तो माझ्या हातून घडलेला आहे. तुमच्याकडं काळी माती आहे. ती पाण्यानं फुगते आणि वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका घराच्या पश्चिमेच्या भिंतीला अगदी लागून वाफा केला, भिंत गार राहावी म्हणून वेल लावले, ठिबक टाकलं. दिसायला फार सुंदर झालं होतं. दुसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली. घराच्या एका बाजूची माती सतत ओली आणि बाकीची कोरडी राहिल्यानं पाया एका अंगाला उचलला गेला होता. वाफा काढला, चीर भरली, घरमालकांनी मोठ्या मनानं घेतलं, पण ती चीर मी विसरले नाही. तेव्हापासून काळ्या मातीत जोत्यापासून चार फुटांच्या आत मी ठिबकाचा एकही थेंब पडू देत नाही. भिंतीलगत वेल हवाच असेल तर अर्ध्या ड्रममध्ये. तुमच्या पुढच्या ओट्याचा पायासुद्धा काळ्या मातीवर ठेवू नका. दोन-अडीच फूट खणून मुरूम भरा, थरावर थर पाणी मारून धुमसून घ्या, आणि ओटा घराच्या भिंतीत गुंतवू नका, मध्ये बारीक सांधा सोडा. माती हलली तर ओटा एकटा हलेल.

दुसरं, कुणी वाड्याचा देखावा म्हणून दगडाची उंच भिंत किंवा वर लाकडी तुळया आणि मातीचं माळवद करू म्हणालं तर नको म्हणा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. जुन्या घरांचा गारवा आपण घेऊ, पण तो सावली आणि वाऱ्यातून. डोक्यावर जे असेल ते हलकं आणि नीट बांधलेलं असावं.

पैशांचं आणि वेळेचं थोडक्यात: आधी खुर्ची फिरवायचा आठवडा. मग गाड्या मागं. मग ओटा, जाळी आणि विजेचं काम, पाऊस लागण्याआधी. त्यानंतर पत्र्याला रंग आणि सांडपाण्याची वाट. झाडं मृगानंतर. या सगळ्याला दीड लाखातले निम्मे लागले तरी मला आश्चर्य वाटेल. उरलेल्यातून छपराचं पाणी बोअरला मुरवायची सोय करा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पावसात, वाया जाणारं सोडून, पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्यायचं आणि बाकीचं खडी-वाळूच्या गाळणीतूनच बोअरकडं जाऊ द्यायचं.

राहिला आईचा झोका. पत्र्याच्या शेडच्या पाइपला तो टांगू नका, ते पाइप वाऱ्याचा भार धरायला लावलेत, झोक्याचे हिसके धरायला नाहीत. स्लॅबला भोक पाडून फुगणाऱ्या बोल्टवर हुक लावून देणारे मिळतील, त्यांनाही नको म्हणा. झोक्याचा हुक एकतर स्लॅब टाकताना सळईत अडकवून घ्यायचा असतो, नाहीतर स्लॅबच्या आरपार बोल्ट घालून वर लोखंडी पट्टीवर आवळायचा असतो, आणि वर गच्ची असेल तर त्या जागेचं वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागतं. तुमच्या आठ फुटांच्या पट्टीत झोका आडवा हलला तर पुढं-मागं तीन-तीन फूट मोकळे लागतात आणि बाकी कुणाला बसायला जागा उरत नाही. म्हणून तो भिंतीला समांतर हलेल असा, पट्टीच्या उत्तर टोकाला, लोखंडी स्टँडवर घ्या. पाट जमिनीपासून १८ इंच, दोन माणसं बसतील एवढा, कड्यांना वर्षातून दोनदा ग्रीस. पण विकत आणण्याआधी, रिकाम्या केलेल्या पट्टीत आईची रोजची खुर्ची त्याच टोकाला ठेवा आणि चार संध्याकाळी त्यांना तिथं बसू द्या. तिथून फाटक दिसतं का, रस्त्यावरचं माणूस ओळखू येतं का, वारा लागतो का, हे त्या सांगतील. खुर्ची त्यांनी दुसरीकडं सरकवली तर झोकाही तिकडंच लावा.